बाय, तिकिटाबद्दल मला काय वाटतं ते लिहितोय

प्रिय बाय,

काल फोनवर नीट बोलणं झालंच नाही, तू ट्रेनमध्ये आणि तिथे रेंज येते-जाते, अशा गोष्टी तुटक बोलण्यात अर्थ नसतो म्हणून लिहायला बसलो. पक्षाचा तो माणूस तुला म्हणाला की तुमच्या पॅरिशची, म्हणजे तुमच्या चर्चच्या लोकांची, मतं एकगठ्ठा आणा, महापालिकेचं तिकीट तुमचं. आणि तू मला विचारलंस, पप्पा, हे चूक आहे का, धर्म घरात ठेवूनच राजकारण करायचं असतं ना? मला विचारशील तर त्या माणसाचं म्हणणं चूकच आहे, पण धर्म घरात ठेवायचा हे पण मला पटत नाही. असं कसं, ते सांगतो, जरा लांबेल.

आपल्या वसईचंच घे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इथल्या शेतजमिनी बांधकामाला मोकळ्या करायचं ठरलं, तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. बिल्डर आले, टँकर आले, विहिरींना मोठमोठे पंप लागले, रात्रंदिवस पाणी उपसून इमारतींना विकलं जायला लागलं आणि किनाऱ्याजवळच्या विहिरी खारट व्हायला लागल्या. ज्या वाड्यांवर केळी, पानवेली, फुलं व्हायची, जो माल घेऊन आपल्या बायका पहाटेच्या गाडीने दादरला जायच्या, त्या वाड्या गोड्या पाण्यावरच उभ्या होत्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले, हरित वसई संरक्षण समिती झाली, मोर्चे निघाले, फादरांना धमक्या आल्या. फादर 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, बायबलचे अभ्यासक होते, त्यांना आरामात आपलं लिहीत-वाचत बसता आलं असतं. लोक तोंडावर बोलायचे, आमच्यातले पण बोलायचे, की फादरांनी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करावी, यात कशाला पडतात.

पण मला त्यातलं जे आजही भारी वाटतं ते हे, की ती मागणी ख्रिस्ती लोकांसाठी नव्हतीच. विहीर कोणाचा धर्म विचारत नाही, बावखल, म्हणजे आपल्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, बुजवलं की शेजारच्या हिंदू आगरी माणसाची वाडीसुद्धा सुकते. फादर तिथे धर्मामुळेच उभे राहिले, देवाने दिलेली जमीन आणि पाणी थोड्या लोकांच्या खिशात जाऊ नये हे ते बायबलमधूनच शिकले होते, पण मागायला गेले ते सगळ्यांसाठी. तुला माझं एकच म्हणणं पटलं तर हे पटू दे: श्रद्धा घेऊनच राजकारणात जा, पण श्रद्धेच्या नावाने आपल्या लोकांसाठी वाटा मागायला जाऊ नकोस.

नंतर 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, 93वं संमेलन, त्या खुर्चीत बसलेले पहिले ख्रिस्ती, तेव्हा किती गोंधळ झाला ते तुला आठवत असेल. एक धर्मगुरू मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा काय म्हणून. तब्येत बरी नसताना गेले आणि देशात जे चाललंय त्याबद्दल स्पष्ट बोलले. 25 जुलै 2024 ला फादर गेले तेव्हा आपल्याकडे सगळ्या समाजातली माणसं रडली, आणि ती उगाच नाही रडली.

आता पंडिता रमाबाई. शाळेत आपल्याला त्यांच्याबद्दल जे शिकवतात त्यात विद्वान, विधवांसाठी शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन एवढंच येतं. 1889 ला मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा त्या तिथे स्त्री प्रतिनिधींमध्ये होत्या, हे फारसं कोणी सांगत नाही. आणि 1897 ला पुण्यात प्लेग आला, सरकारची माणसं घरात घुसून लोकांना इस्पितळात नेत होती, तिथे बायकांची काय हालत होते ते रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी पेपरात उघड लिहिलं. ते इतकं गाजलं की लंडनच्या पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला गेला, आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टने ते सगळं दिशाभूल करणारं आहे म्हणून झटकून टाकलं.

हे नीट बघ. सरकार ख्रिस्ती माणसांचं होतं. रमाबाई धर्म बदलून ख्रिस्ती झालेल्या, त्यांच्या कामाला पैसा परदेशातल्या चर्चमधून यायचा, एका बाजूला त्यांचे जुने हिंदू लोक त्यांना धर्म बुडवला म्हणून शिव्या देत होते. म्हणजे गप्प बसायला त्यांच्याकडे सगळी कारणं होती. तरी बोलल्या, कारण इस्पितळातली बाई कोण आहे आणि सत्तेत बसलेला कोणत्या चर्चला जातो याचा एकमेकांशी काही संबंध नाही. सत्ता आपल्या माणसाची असली तरी बोलता आलं पाहिजे, माझ्या मते ख्रिस्ती माणसाच्या राजकारणाची खरी परीक्षा इथेच होते. उद्या तू निवडून आलीस आणि तुझ्याच पक्षाच्या नगरसेवकाने बावखल बुजवायला परवानगी मिळवून दिली, तेव्हा काय करशील ते आत्ताच ठरव.

आणि काका बॅप्टिस्टा, त्यांचं मूळ आपल्या शेजारच्या उत्तनचं. टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, कामगारांचे पुढारी, 1925 ला मुंबईचे महापौर. त्यांना कोणी ख्रिस्ती मतांसाठी पुढे केलं नव्हतं.

आता एकगठ्ठा मतांचं. आधी कायद्याचं सांगतो कारण तो माणूस तुला हे सांगणार नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123(3) आहे, लोकसभा-विधानसभेला धर्माच्या नावावर मत मागणं हा निवडणुकीतला भ्रष्टाचार धरला जातो. 2017 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी 4 विरुद्ध 3 असा निकाल देऊन ते आणखी पक्कं केलं, उमेदवाराचाच नाही तर मतदाराचा धर्म काढूनही मत मागता येणार नाही. ती केस सुद्धा आपल्या जवळचीच, 1990 च्या सांताक्रूझच्या विधानसभा निवडणुकीतून निघालेली. ते कलम थेट महापालिकेसाठी नसलं, तरी मिस्सा सुटल्यावर आवारात उभं राहून आपला माणूस आपलं मत असं म्हणणं हा विषय फक्त शोभतं की नाही एवढ्यापुरता नाहीये.

पण कायदा नसता तरी मी तुला नको म्हटलं असतं. संविधान सभेत उपाध्यक्ष होते एच. सी. मुखर्जी, बंगालचे ख्रिस्ती, अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे पण तेच अध्यक्ष. फाळणी नुकतीच झालेली, सगळीकडे भीती, आणि अशा वेळी धर्माच्या आधारावर राखीव मतदारसंघ नकोत असं म्हणणाऱ्यांत ते पुढे होते, फादर जेरोम डिसोझा म्हणून जेझुइट संघाचे एक धर्मगुरू सभेत होते त्यांचंही तेच मत पडलं. 1949 च्या मे महिन्यात ते ठरलं. किती धाडस लागलं असेल विचार कर. शेजाऱ्यावर विश्वास टाकला त्यांनी, आणि तू तो माणूस म्हणतो तसं केलंस तर तो विश्वासच मोडीत काढशील.

चर्चने उलट केल्याची उदाहरणं पण आहेत, ती लपवायची नाहीत. 1957 ला केरळात नंबुद्रीपादांचं कम्युनिस्ट सरकार लोकांनी निवडून दिलेलं, शिक्षणमंत्री मुंडश्शेरी तर स्वतः कॅथलिक घरातले. त्यांनी खाजगी शाळांच्या शिक्षकांच्या नेमणुका-पगारावर सरकारचं नियंत्रण आणणारं बिल आणलं आणि चर्च रस्त्यावर उतरलं, नायर समाजाची संघटना बरोबर होती, काँग्रेस पण आली, आणि 31 जुलै 1959 ला दिल्लीने ते सरकार बरखास्त केलं. त्या सरकारच्या चुका असतील, पण शिक्षकाच्या पगारापेक्षा शाळेवरचा ताबा मोठा ठरला असं मला वाटतं आणि ते मला खुपतं.

मग तू म्हणशील आपल्या लोकांचं दुःख मांडायचंच नाही का. मांड ना, पण कोणाचं दुःख ते बघ. दलित ख्रिश्चनांचं मांड. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच. नगर-जालन्याकडच्या गावांत आपल्याच धर्माची माणसं आहेत, जात तीच, वागणूक तीच, आणि सवलत मात्र नाही. आपण वसईवाले त्यात बसत नाही, आपल्याला त्यातून काही मिळणार नाही, म्हणूनच आपण ते बोललं पाहिजे. खरं सांगायचं तर आपल्या पॅरिशमध्ये मी हा विषय कमी ऐकलाय.

आणि दुसरं, सूर्या धरणाचं पाणी. आपल्या नळाला जे पाणी येतं ते डहाणू-विक्रमगडकडच्या आदिवासींच्या शेतीसाठी म्हणून बांधलेल्या प्रकल्पाचं आहे, ते शहरांकडे वळवलं म्हणून तिथले लोक किती वर्षं भांडतायत. तू वॉर्डात मत मागताना "जास्त पाणी आणीन" असंच म्हणशील, सगळेच म्हणतात. पण माझा शेजारी कोण, हा प्रश्न येशूला विचारला गेला तेव्हा उत्तरात त्याने एक परका समरिटन पुढे केला होता. तुझ्या भाषणात ते आदिवासी शेतकरी येणार असतील, आणि त्यासोबत पावसाचं पाणी साठवायचं, बावखलं साफ करायची, गळती थांबवायची हे येणार असेल, तर मला कळेल की तू चर्चमध्ये जे ऐकलंस ते घेऊन बाहेर पडलीस.

आपल्या पॅरिशच्या फादरांकडे पाठिंबा मागायला जाऊ नकोस. चर्चच्या कायद्यातच आहे की धर्मगुरूंनी सत्तेचं पद घ्यायचं नाही आणि पक्षात सक्रिय व्हायचं नाही, आणि ते बरोबर आहे. विषयावर ते बोलतील, उमेदवारावर नाही. पण तू धर्मगुरू नाहीस, हे काम आपल्यासारख्या संसारी माणसांचंच आहे, नाहीतर ते करणार कोण?

त्या माणसाला रविवारी उत्तर द्यायचंय ना, तर त्याला हे विचार. वॉर्डातल्या शिल्लक बावखलांचा सर्व्हे करून ती नोंदवायला पक्ष तयार आहे का. टँकर कोणाचे आहेत आणि कुठून भरतात हे जाहीर करणार का. सभागृहात पक्षाविरुद्ध बोलायची वेळ आली तर बोलू देणार का, निदान पाण्यावर. आणि पत्रकावर तुझ्या नावापुढे ख्रिस्ती समाजाची कन्या असलं काही छापायचं नाही हे आधीच लिहून घे. हो म्हणाला तर मी तुझ्याबरोबर सगळ्या चाळींत, सोसायट्यांत, मशिदीच्या गल्लीत सुद्धा फिरेन, गुडघे दुखतात तरी. नाही म्हणाला तर अपक्ष उभी राहा, डिपॉझिट मी भरतो, वाडीतल्या केळीचे पैसे आलेत.

मम्मीला पत्र वाचून दाखवलं, तिला यातलं बरंचसं पटलेलं नाही, विशेषतः अपक्षाचं. ती रात्री फोन करेल, तिचंही ऐकून घे.

तुझा,
पप्पा