बाबूजींचं अपुरं आत्मचरित्र

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लांबलं त्याचं कारण सोबतच्या पार्सलात आहे. सुधीर फडक्यांचं आत्मचरित्र, ‘जगाच्या पाठीवर’. माझीच प्रत पाठवतोय. पेन्सिलीच्या खुणा पुसल्या नाहीत.

आपल्याला बाबूजी भेटले ते तुमच्या ओसरीवरच्या रेडिओतून. रामनवमी आली की गीतरामायण लागायचं आणि काकू हातातलं निवडण बाजूला ठेवायच्या. तो आवाज इतका निवांत, की या माणसाने कधी उपास काढला असेल असं मनातही आलं नाही. आणि पुस्तक उघडलं तर पानोपानी भूक! मूळचं नाव राम. कोल्हापुरातल्या वकिलाचा मुलगा, वामनराव पाध्यांकडे गाणं शिकलेला, आणि मुंबईत पोटासाठी चहा विकतोय, भाजी विकतोय. पुढे तर गाण्याच्या जोरावर उत्तरेत गावोगाव वणवण, थेट कलकत्त्यापर्यंत. वाचताना दोनदा पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो. हे सगळं सांगताना त्यांचा सूर कुठेही रडका होत नाही, त्यानेच जास्त कालवाकालव होते.

आत्मचरित्र अपुरंच राहिलं. 29 जुलै 2002 ला ते गेले, पुस्तक त्यानंतर आलं. 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं गीतरामायण, माडगूळकरांची ती छप्पन्न गीतं, ज्यांच्यासाठी आपण पुस्तक हातात घेतो, तिथवर त्यांची लेखणी पोचतच नाही. आधी मी हळहळलो. आता वाटतं, ते यश तर आपल्याला पाठच होतं. हे उपासाचे दिवस त्यांच्याशिवाय कोण सांगणार होतं?

काल रात्री सगळे झोपल्यावर ‘तोच चंद्रमा नभात’ लावलं. ‘नभात’मधला ‘भ’ ऐक, नीट कान देऊन. जोर नाही, झटका नाही, तरी अक्षर पूर्ण उमटतं. आजवर मी हे रियाजाचं फळ समजत होतो. पण परक्या गावात, अनोळखी माणसांपुढे गाऊन ज्याला रात्रीचं जेवण मिळवायचंय, त्याचा शब्द पहिल्याच फेरीत समोरच्याच्या काळजात जायला हवा ना? हा आपला माझा तर्क. पण त्या गाण्यापासून मला तो आता वेगळा काढता येत नाही.

तू लिहिलंयस, पेटी विकायला काढली, गिऱ्हाईकही ठरलं. नोकरी गेल्यावर घरात गाणं नको वाटतं, हे मला कळतं रे. तरी पुस्तक वाचून होईपर्यंत त्याला थांबव. पैशांची निकड असेल तर मला सांग, संकोच करू नकोस. भाता फाटलाय म्हणालास, तो मी दिवाळीत आलो की दुरुस्तीला नेऊ.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विनय