अव्यास, मातान्सासहून

मातान्सास, क्युबा

प्रिय अव्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं असतं तर तू "वाजव की लेका" एवढं लिहून मोकळा झाला असतास, म्हणून पत्र. शिवाय इथे दिवसातून कितीतरी तास वीज नसते, तेव्हा कागद बरा. तब्येत ठीक आहे. पोट बिघडलं होतं, सुधारलं. आईला सांगू नकोस.

विषय असा. पुण्यातल्या एका आयोजकांचा निरोप आलाय. परत आल्यावर वीस मिनिटांचा कार्यक्रम, तबला आणि बाता, आणि "तो ओरू अख्खा घ्या, शेवटी तिहाईवर आणा". मला अजून होही म्हणता येत नाही आणि नाहीही. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. गुरुजींची ती गत, ती बांधलेली रचना, तू न विचारता टीव्हीवर वाजवलीस तेव्हा आपलं जे झालं, त्यात तू एका बाजूला होतास आणि मी दुसऱ्या. "वाजवल्यानं गत झिजत नाही" हे तुझं वाक्य अजून माझ्या डोक्यात आहे. माझं मत तेव्हा होतं तेच आहे, पण आता तुझी बाजू पूर्ण ऐकायची आहे.

आधी ओरू काय असतो ते नीट सांगतो. बाता हे तीन ढोल. इया मोठा, इतोतेले मधला, ओकोन्कोलो लहान. तिन्ही दुतोंडी, मांडीवर आडवे घेऊन दोन्ही हातांनी वाजवायचे. मोठ्या तोंडाला एनु म्हणतात, लहानाला चाचा. विधी सुरू होण्याआधी देव्हाऱ्यासमोर हे तिघंच वाजतात, गाणं नाही, नाच नाही. एलेग्वापासून सुरुवात करून एकेका देवतेचा तोके, म्हणजे तिचा ठेका, ठरलेल्या क्रमानं घ्यायचा, असे वीसच्या वर. हाच ओरू. ज्या ढोलांत आन्या या देवतेची प्रतिष्ठापना झालेली असते ते फुंदामेन्तो. त्यांना फक्त दीक्षा घेतलेले पुरुष हात लावतात. शिकवणीत असतात ते आबेरिकुला, म्हणजे प्रतिष्ठापना न झालेले. मी शिकतोय ते यांच्यावर.

मग रंगमंचावर वाजवायला बंदी आहे का? नाही. 1930च्या दशकात हवानात इथले अभ्यासक फेर्नान्दो ओर्तीस यांनी आपल्या व्याख्यानात बाता पहिल्यांदा जाहीरपणे वाजवून घेतले, तेही आबेरिकुलाच होते. 1962 मध्ये कोन्हुन्तो फोल्क्लोरिको नासियोनाल, म्हणजे इथलं राष्ट्रीय लोककला पथक, सुरू झालं, तेव्हापासून हे सगळं रंगमंचावर होतच आलंय. म्हणजे नियमाची अडचण नाही, आणि नेमकं म्हणूनच अवघड झालंय. इथल्या माझ्या मास्तरांनी मला ओरू क्रमानं दिला तो हा क्रम आत बसावा म्हणून. "तुमच्याकडे जाऊन वाजव" असं ते म्हणालेले नाहीत, आणि मी विचारलेलंही नाही. विचारलं तर ते बहुधा हो म्हणतील. पण पाहुण्याला नाही म्हणायचं नाही म्हणून आलेला हो आणि मनापासूनचा हो यांतला फरक मला ओळखता येईल का, याची खात्री नाही.

दुसरी अडचण वाजवण्याची आहे, आणि ती तुला लगेच कळेल. तोकेमध्ये इया बोलावते, इतोतेले उत्तर देतो, ओकोन्कोलो लय धरून ठेवतो. इयाची हाक आली की तोके बदलतो. सहा तोंडांचे सहा उंचीचे स्वर मिळून एक चाल तयार होते, आणि जाणकार त्या चालीवरूनच देवता ओळखतात. आयोजकांचं म्हणणं, इतोतेलेचं काम तबल्यानं करायचं. तबला षड्जाला लावलेला! उत्तर मात्रेत अचूक बसेल, पण चाल मोडेल. आणि तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर आलो तर इयाची हाक ऐकणार कोण? तिथे तोके संपतो तो इयानं खूण केली म्हणून, हिशेब पुरा झाला म्हणून नव्हे. तुझ्यासारख्या तिहाईबहाद्दराला हे ऐकून झोप लागायची नाही, मला माहीत आहे.

हातांचंही सांगून ठेवतो. उजव्या हाताचा वादक एनु, म्हणजे खर्जाचं तोंड, उजव्या हातानं वाजवतो. आपला धामा, पखवाजाचं खर्जाचं तोंड, डावीकडे. त्यामुळे पखवाजाची सवय असलेल्या माणसाचे हात सुरुवातीला पार उलटे पडतात, आणि जोरात वाजवून ते सुटत नाहीत. सावकाश, नुसता उजवा, नुसता डावा, मग दोन्ही, असंच करावं लागतं. एक गोष्ट मात्र बघताक्षणी ओळखीची वाटली. इयाच्या एनुवर फार्देला नावाचा राळेसारखा चिकट लेप लावतात, आवाज खाली आणायला. आपण धाम्याला कणीक लावतो त्याच कामासाठी. लेप जास्त झाला की ढोल मुका होतो, कमी झाला की पोकळ वाजतो. तुला हे पाहायला मिळायला हवं होतं.

तुझ्या नेहाला इथे यायचंय असं म्हणाला होतास, तर तिला सगळ्यात आधी हे दे. क्लावे, म्हणजे बाकी सगळं ज्यावर बसतं तो पाच टाळ्यांचा ठेका, सोळा मात्रांवर मोजून बघ म्हणावं. सोन आणि रुंबा हे इथले गाण्या-नाचाचे प्रकार. सोनची क्लावे 1, 4, 7, 11, 13. रुंब्याची 1, 4, 8, 11, 13. एकाच टाळीचा फरक, पण तोच सगळं बदलतो. त्रितालवाला हे पाच मिनिटांत पाठ करतो आणि मग महिनोन् महिने अडकतो, कारण त्याचं वजन एकावर पडतं. कोंगा या उभ्या ढोलावरचा तुम्बाओ, म्हणजे नेहमीचा ठेका, आठ मात्रांचा: तळवा, बोटं, थाप, बोटं, तळवा, बोटं, खुला, खुला. म्हणजे खुले आवाज सातव्या-आठव्या मात्रेवर आणि समेवर बंद तळवा. आपण समेवर जिथे उघडतो तिथे हे मिटतात. ती जागा झाकली गेली की नाचणाऱ्याचं पाऊल पुढे जातं. तू समेवर "धा" ठोकलास की पाऊल तिथेच थांबतं, आणि सगळे तुझ्याकडे बघतात.

बारा मात्रांचं तर याहून फसवं. घंटेचा ठेका 1, 3, 5, 6, 8, 10, 12. कोलुम्बिया या रुंब्याच्या प्रकाराची क्लावे 1, 3, 6, 8, 10. एकतालाची सवय असलेला कान त्याचे दोन-दोनचे सहा तुकडे करतो, आणि इथली पावलं पडतात 1, 4, 7, 10 वर, तीन-तीनचे चार तुकडे. नेहानं घरीच पाय 1, 4, 7, 10 वर ठेवून तोंडानं घंटा म्हणावी, मग टाळीनं क्लावे धरावी. हे जमल्याशिवाय तिकीट काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे येऊन हे शिकायचं म्हणजे पैसे फुकट जातात.

शिकण्याचा क्रम मास्तर ठरवतात, त्याला फाटे फोडू नयेत. रुंब्यात आधी क्लावे, मग काता (दोन काठ्यांनी वाजवायची बांबूची नळी), मग सालिदोर म्हणजे खालच्या सुराचा ढोल, मग त्रेस दोस म्हणजे मधला, आणि किन्तो म्हणजे लहान ढोल अगदी शेवटी. किन्तो नाचणाऱ्याशी बोलतो, म्हणून नाच न कळणाऱ्याला तो देत नाहीत. बातामध्ये आधी ओकोन्कोलो. सोपा दिसतो आणि एक हात ढळला की तिघं कोसळतात. शिवाय गाणं पाठ हवं. नुसते हात घेऊन येणाऱ्याला इथे अर्धंच मिळतं.

हातांची काळजी: तबल्याचा जोर बोटांत, कोंग्याचा हाताच्या वजनात. बोटांनी जोर केला की सांधे सुजतात. अंगठा कडेच्या रिंगवर आपटतो, म्हणून तो बाहेर ठेवायचा. इंचभर रुंदीची मेडिकल टेप भरपूर आणायला सांग, इथे अशा वस्तू मिळत नाहीत. पैसे युरोत, रोख, लहान नोटा. आपल्या कार्डावर विसंबू नये. ई-व्हिसा, प्रवासी विमा आणि विमानाआधीच्या आठवड्यात भरायचा दे-वियाहेरोसचा, म्हणजे क्युबात प्रवेशाचा, ऑनलाइन फॉर्म, ही तिन्ही कागदं छापून हातात हवीत. भारतातून थेट विमान नाही, म्हणून मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकिटाआधीच बघावं. राहायला कासा पार्तिकुलार, म्हणजे घरगुती खोली, मास्तरांच्या घरापासून चालत जाता येईल अशी, कारण इंधनाची टंचाई आहे आणि बसवर भरवसा नाही. रेकॉर्डर बॅटरीवर चालणारा. आणि तास रेकॉर्ड करण्याआधी विचारायचं, प्रत्येक वेळी.

ती मुलगी आहे, म्हणून फुंदामेन्तोला हात लावता येणार नाही, हे आधीच सांगून ठेव. इथे आल्यावर कळलं तर वाईट वाटेल. आबेरिकुलावर स्त्रिया शिकतात आणि वाजवतात. हवानात ओबिनी बाता हा स्त्रियांचाच संच नव्वदच्या दशकापासून आहे, त्यांना तिनं जरूर ऐकावं. ढोल ऐकायला हवानात रविवारी दुपारी काय्येहोन दे आमेल ही गल्ली आहे, पण पर्यटक फार. तुझ्या जागी मी असतो तर तिला मातान्सासलाच पाठवलं असतं. लोस मुन्येकितोस हा संच 1952 पासून इथला, आफ्रोकुबा हा 1957 पासून, आणि बाता वाजवण्याची इथली तऱ्हा हवानाहून वेगळी.

पुन्हा माझ्या गोष्टीवर येतो. मला एक वाट दिसते. आयोजकांना सांगायचं, ओरू नाही, रुंबा घ्या. रुंबा अंगणातला, गोदीतला, लोकांचा. देवाधर्माची परवानगी त्याला लागत नाही. 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीतही आलाय, हे ऐकलं की आयोजक लगेच तयार होतील. त्यातही याम्बू: संथ, काहोनवर, म्हणजे लाकडी खोक्यांवर वाजणारा. काहोन पुण्यात मिळतात. पाच जण लागतील. क्लावे, काता, खालचं खोकं, मधलं खोकं आणि किन्तोचं लहान खोकं. तुझ्या क्लासमधली चार मुलं आणि मी. गाण्याचा कोरस तुझ्या पोरांना दोन महिन्यांत बसेल, नेहा पुढे गाईल. त्यात तबला नाही. मला तो नकोच आहे, पण आयोजकांनी पैसे मोजलेत ते तबल्यासाठी, त्यामुळे यावर भांडण होणार.

की मी जास्तच ताणतोय? ओरू राहू दे, पण एलेग्वाचा एकच तोके, तिघं तयार करून, तबल्याशिवाय, मास्तरांना विचारून, असं केलं तर? तू गत वाजवलीस तेव्हा गुरुजी तुला काय म्हणाले, ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. रागावले होते की नाही, एवढं तरी लिही. मला त्याचा उपयोग होईल.

घराचा ताबा मिळाला का? बिल्डरला आता नोटीस पाठव, फोन पुरे झाले. मिनूची दहावी यंदा की पुढच्या वर्षी? वहिनींना नमस्कार. कार्यक्रमाचं मला महिनाअखेर कळवायचंय, म्हणून उत्तर लवकर पाठव, आणि त्यात चार मुलांची नावं लिही. काता दोन हातांनी सलग दहा मिनिटं लय न वाढवता धरेल असा त्यांतला कोण, तेही लिही. माझा अंदाज गोखल्यांच्या धाकट्यावर आहे.

तुझा,
विन्या