बाळा, मेसचं काय केलं?

बाळा,

सकाळच्या गाडीनं तू न बोलता निघून गेला, अन् फोनवर बोलायले गेलो की आपलं दोघांचं पुन्हा वाजते, म्हणून लिहून रायलो. पैशाचं काढणार नाही असं तुह्या आईले कबूल केलं आहे. पण जेवतो ना? मेसचे पैसे त्या अर्ली अॅक्सेसवाल्या गेममध्ये गेले तर खातो काय?

ताईले विचारलं मी, हे अर्ली अॅक्सेस काय भानगड आहे. तिनं नीट सांगितलं, अर्धवट गेम विकतात, लोकं पैसे देऊन खेळतात, चुका कळवतात, त्याच पैशातून पुढचं काम होते, स्टीम म्हणून गेम विकायचं ऑनलाइन दुकान आहे, तिथं २०१३ पासून चालू आहे. सगळेच बुडवतात असं नाही हे मले पटलं, ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम ऑक्टोबर २०२० मध्ये असाच अर्धा आला अन् ऑगस्ट २०२३ ले पुरा झाला. पण द डे बिफोर डिसेंबर २०२३ ले आला अन् चार दिवसांत कंपनीनं बंद होत असल्याचं सांगून टाकलं. त्या लोकांले पैसे तरी वापस भेटले.

तुह्या गेमचं काय? तू दाखवला तो पूल, अर्ध्यातच तुटलेला, तिथं ‘लवकरच’ची पाटी, अन् अपडेट कितीक महिन्यांपासून नाही. आपला संत्र्याचा आंबिया बहार व्यापारी झाडावरच घेते, पण अख्खी बाग फिरून, फळ दाबून पायते, मग फक्त इसार देते, बाकीचे तोडीच्या वेळी. तू पुरे पैसे देऊन बसला लेका! हातचं काहीच ठेवलं नाही.

झालं माह्यं लेक्चर सुरू, रागवू नको.

ताईनं तुह्यं त्या गेमवाल्यांले लिहिलेलं वाचून दाखवलं. कोणत्या ठिकाणी माणूस जमिनीत घुसते, कोणतं बटण दाबलं की गेम बंद पडते, फोटो लावून पानभर, इंग्रजीत. छाती फुगली माही. अन् चीडही आली, असं काम लोकं पगार घेऊन करतात, तुह्याकडून उलटे पैसे घेऊन करून घेतलं, अन् साधं उत्तर नाही.

गारपिटीच्या साली व्यापारी इसार सोडून गेला, तू पाचवीत होता, ट्रक येईल म्हणून बांधावर बसून रायला, आजीनं भाकर तिथं आणली तरी हात लावला नाही. तसाच आता खोलीवर बसून असशील, हेच डोक्यातून जात नाही. खेळू नको म्हणत नाही मी. पुढच्या वेळी आज आहे तेवढाच गेम आवडला तर घे, उद्याच्या भरवशावर नको. अन् मेसच्या पैशातून तर नकोच.

या महिन्याचे मेसवाल्याच्या नंबरवरच टाकले आहेत, त्याले विचारून घे. आईनं पोळ्याच्या करंज्या बांधल्या, उद्या काकाचा पोरगा घेऊन येते, दुपारी बर्डीवर उतरेल. घ्यायले जा, अन् त्याच्यासंगच जेवून घे.

तुहा बाबा