नव्याला सवलत, दुरुस्तीला काय?

महोदय,

मिरजेत गेली 31 वर्षे मी मिक्सर, पंखे, वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. 22 सप्टेंबर 2025 पासून एसी आणि 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28वरून 18 टक्क्यांवर आला. त्या दिवाळीत शोरूमपुढे गाडी लावायला जागा नव्हती. लोकांचे पैसे वाचले, चांगलेच झाले. खोटे कशाला बोलू, मीही घरी नवा टीव्ही आणला. पण वाइंडिंगची तांब्याची तार आणि बेअरिंग यांवरचे 18 टक्के तसेच राहिले. माझी उलाढाल 20 लाखांच्या आतली, म्हणून जीएसटी नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणून भरलेल्या कराची वजावटही नाही. तो कर गिऱ्हाइकाच्याच मजुरीत चढतो.

गेल्या महिन्यात एका शिक्षिकाबाईंचे सात वर्षांचे वॉशिंग मशीन आले. मोटर ठणठणीत, ड्रम आरशासारखा. गेला होता तो कार्डावरचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सर्किटच्या पाटीवरचा, रिले, वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, 50 रुपयांच्या आतली वस्तू. पण अख्ख्या कार्डावर रेझिन, म्हणजे डिंकासारखा घट्ट होणारा लेप, ओतलेले. पाणी-झुरळांपासून बचाव म्हणून ओततात, ते खरेच. पण सुटा भाग बदलायची वाटही त्याने बुजते. हेअर ड्रायरने ऊब देत दोन तास खरवडले आणि शेवटी कार्डावरची वीज वाहून नेणारी तांब्याची रेघच उखडली. कंपनीने नव्या कार्डाचे 5,800 सांगितले, तेही त्यांचाच माणूस येऊन बसवणार. बाईंनी नवे मशीन घेतले. जुने भंगारवाल्याने किलोवर नेले.

जुने ते सगळे ठेवा, असे माझे म्हणणे नाही. वीस वर्षांचा फ्रीज घेऊन आलेल्याला मीच सांगतो, काका, टाका, वीजबिलात नव्याचे पैसे निघतील. पण रोज दहा मिनिटे फिरणारा मिक्सर बदलून कोणती वीज वाचणार? पंख्याचेच बघा. जुना 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणाऱ्या मोटरचा, तिशीच्या आसपास. वीज वाचते, मान्य. मात्र त्याचे कार्ड गेले आणि बाजारात मिळाले नाही, की चांगला पंखा भंगारात.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली, पोर्टलही काढले. फ्रान्समध्ये 2021 मध्ये वॉशिंग मशीन, मोबाइल अशा वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडे वीजबचतीचे तारे पाहून लोक फ्रीज निवडतातच, त्याशेजारी हा आकडाही सक्तीने छापावा. सुटे भाग आणि दुरुस्तीची मजुरी 5 टक्क्यांत आणावी. आणि कार्ड माझ्यासारख्याला रोखीने, छापील किमतीत विकण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे. बसवायचे कसे, ते आम्ही बघू.

— एक दुरुस्ती कारागीर, मिरज