मन्या, ब्लू विंग्ड गूज दिसला रे!

प्रिय मन्या,

पत्राला उशीर झालाय, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढचं वाच. ब्लू विंग्ड गूज दिसला! आणि दुर्बीण गळ्यातच राहावी इतक्या जवळून. भिगवणला पट्टकादंब हंस बघून बघून तुझ्या डोक्यात हंसाचं जे चित्र बसलंय ना, लांब मान, रुबाबदार चाल वगैरे, ते आधी पुसून टाक. हा पठ्ठ्या मान अख्खी मागे दुमडून पाठीवर टेकवतो, डोकं खांद्यात खुपसतो आणि तसाच चालतो. चरतो पण बरेचदा तसाच. कानटोपी-मफलर गुंडाळून मॉर्निंग वॉकला निघालेले कॉलनीतले रिटायर्ड काका, दुसरं काही सुचतच नाही बघ.

रंगही अगदी साधा, राखाडी-तपकिरी, डोकं जरा फिकट, छातीवर फिकट ठिपके, चोच बारकीशी काळी आणि पाय काळे. मी म्हटलं निळं कुठाय यात? मग एकाने अंग झटकून पंख उघडले आणि काय सांगू, खांद्याकडे फिकट निळा मोठा पट्टा, मागे चकचकीत हिरवा, दोन सेकंदात परत सगळं बंद. नर मादीला पटवायला हेच वापरतो म्हणे, तिच्याभोवती मान मागे टाकून फिरायचं, निळं दाखवायचं आणि दम लागल्यासारखी घोगरी शिट्टी मारत राहायची. ते काही मला बघायला मिळालं नाही.

जागा म्हणजे इथिओपियाच्या बाले पर्वतातलं सनेटी पठार, 4000 मीटरच्या वर. राजधानी अदिस अबाबाच मुळात 2300 च्या पुढे आहे, तिथेच जिना चढताना दम लागतो, इथे तर दोन पावलं टाकली की थांबायचं आणि फोटो काढतोय असं दाखवायचं. दुपारी ऊन चटका देतं आणि रात्री पाणी गोठतं. झाडं नाहीतच, जमिनीला चिकटलेली झुडपं, मधूनच पुरुषापेक्षा उंच लोबेलियाची झाडोऱ्यासारखी रोपं, लहान लहान तळी, आणि सगळीकडे जायंट मोल रॅटने उकरलेली माती. मुख्यतः असल्या उंदरांवरच इथला इथिओपियन लांडगा जगतो, जगात 500 पण उरले नाहीत. तोही दिसला, पण त्याचं वेगळं पत्र लिहीन, नाहीतर गूज राहील बाजूला.

तर या थंडीसाठीच गूजची पिसं एवढी जाड आणि सैल असतात. नुसता बघितला तर वाटतो मोठा, पण वजन दीड किलोच्या आसपास. पोहता चांगलं येतं पण साहेब पाण्यात फारसे उतरत नाहीत, काठाच्या ओल्या गवतातच दिवस काढतात, गवत मुख्य, जोडीला किडे, गांडुळं, गोगलगायी. घरटंही तिथेच जमिनीवर गवताच्या झुबक्यात, 4 ते 9 अंडी, महिनाभर उबवायचं काम मादीकडे.

मला सगळ्यात भारी वाटलं ते याचं गोत्र. अख्ख्या वंशात हा एकटाच, आणि जगात फक्त इथिओपिया-एरिट्रियाच्या डोंगराळ भागात. नाव गूज असलं तरी तुझ्या पट्टकादंबासारखा खरा हंस नाही, आणि डीएनएवरून सगळ्यात जवळचा नातेवाईक निघाला हार्टलॉब्स डक, जो राहतो काँगोकडच्या गरम दमट जंगलातल्या नद्यांवर! आणि हो, चक्रवाक बदकं पण आहेत इथे, तुझ्याकडे हिवाळी पाहुणे असतात तसे नाहीत, बालेमधले कायमचे रहिवासी.

माणसाला घाबरत नाही हा गूज, कारण इथले लोक बदक-हंस खात नाहीत, धर्मात बसत नाही. म्हणून शिकारीची भीती तशी कमीच. खरा त्रास चराईचा आणि नांगराचा. अदिसच्या उत्तरेला सुलुल्ताचं मैदान आहे, तिथेही हा दिसतो, पण ओली कुरणं सुकवून शेती आणि बांधकाम वाढत चाललंय, आणि गुरं तर सगळीकडेच. मला विचारशील तर शिकार परवडली रे, ती बंदी घालून थांबवता तरी येते, पण ज्याच्या चार गायी आहेत त्याला काय सांगणार? आणि हवामान तापत गेलं तर खालचे पक्षी वर सरकतील, हा आधीच वर बसलाय, त्याच्या डोक्यावर फारसा डोंगर उरलेला नाही.

आता तुझं यायचं. पावसाळा जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो, तेव्हा हे खाली उतरून 50-100 च्या थव्यात जमतात, पण वर धुकं आणि चिखल. डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ, लांडगाही दिसायचा चान्स जास्त, फक्त गूज जोडी-जोडीनेच भेटतील. मी म्हणेन डिसेंबरच. तिकीट लवकर बघ, आणि ते भिगवणवालं पातळ जॅकेट अजिबात चालणार नाही, आत्ताच सांगतोय.

तुझा,
विन्या