नाचणीचा रकाना

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी अंगणवाडी सेविका म्हणून नोकरीला लागले आणि मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची तपासणी करणारी, म्हणून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची बारा वर्षं गगनबावडा तालुक्यात गेली. अन्नधोरणाबद्दल सरकारला सल्ला देणारी एक परिषद राज्यात असावी आणि तिची सुरुवात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातून व्हावी, हे मागणं करायला हे पत्र लिहिते आहे. हे मागणं माझ्याच हातून झालेल्या एका चुकीतून आलं आहे, म्हणून आधी ती सांगते.

२०१४ चा पावसाळा. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सांगायला नको. रस्त्यावर दरड आली होती, एसटी दोन दिवस बंद होती आणि आहाराचं सामान घेऊन येणारी गाडी वरच्या वाडीपर्यंत पोचलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी मी कशीबशी त्या वाडीवर गेले. अंगणवाडीत चुलीवर पातेलं होतं आणि पोरं भिंतीला टेकून ओळीनं बसली होती. सेविकेनं घरची नाचणी आणली होती. मोड आणून, सावलीत वाळवून, जात्यावर दळलेलं पीठ. ते ताकात कालवून तिनं आंबील शिजवली होती, वरून जिरं आणि ठेचलेला लसूण. चार वर्षांची एक मुलगी, जिचं वजन मी तीन महिने कमी म्हणून लिहीत होते, ती वाटी दोन्ही हातांत धरून तळाला बोट फिरवत होती. वाटी पुसून झाल्यावर तिनं ती पुन्हा पुढे केली.

मी नोंदवही उघडली. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, प्रत्येकाला रकाना आणि प्रत्येक रकान्यात ग्रॅम. नाचणीला रकाना नव्हता. मी भेटीच्या वहीत शेरा मारला, "मंजूर पाककृतीप्रमाणे आहार दिलेला नाही. खुलासा सादर करावा." सेविकेनं तो वाचला आणि मला एवढंच विचारलं, "मग पोरास्नी उपाशी ठेवायचं हुतं काय, बाई?"

मला उत्तर देता आलं नाही. नियम वाईट हेतूनं केलेला नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. बाहेरचं काही खाऊन पोरांना बाधा झाली तर जबाबदार कोण, म्हणून तो केलेला. पण शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि तेवढ्याच पांढऱ्या तांदळात त्याचा तिसावा हिस्साही नसतो, हे आम्हाला प्रशिक्षणात सरकारनंच शिकवलं होतं. तीच नाचणी अंगणवाडीच्या पाठीमागच्या उतारावर उभी होती. आणि आमच्या कोठीतला तांदूळ कुठल्या राज्यात पिकला, हे पोत्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय आम्हाला समजत नव्हतं.

संपादक महोदय, यात कुणा एका माणसाचा किंवा खात्याचा दोष शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे. काय पेरायचं हे कृषी खातं सांगतं. रेशनचं धान्य पुरवठा खात्याकडे, अंगणवाडीचा आहार महिला व बालविकासकडे, शाळेची खिचडी शिक्षण खात्याकडे, ऊस सहकार आणि साखर आयुक्तालयाकडे, पाणी पाटबंधारेकडे. प्रत्येक जण आपापलं काम करतो. पण पोराच्या ताटात शेवटी काय पडतं आणि ते पिकवणाऱ्याच्या हातात काय पडतं, हे एका जागी बसून कोणीच बघत नाही.

अलीकडचंच घ्या. शाळेच्या पोषण आहारात २०२४ मध्ये राज्यानं पंधरा पाककृती ठरवून दिल्या, त्यांत नाचणीचं सत्त्व होतं. वाचून मला फार बरं वाटलं. मग मी आमच्या जुन्या गावांत फिरून आले. नाचणीच्या कितीतरी वाफ्यांत आता गवत आहे. म्हातारी माणसं घरापुरती करतात. पाककृती आली, पण पेरणीला कोणी सांगितलं नव्हतं. सत्त्व करायला नाचणी लागते, नाचणीला आधी रोपांसाठी तरवा टाकावा लागतो, भर पावसात चिखलात वाकून रोप लावावं लागतं, आणि सुगीनंतर मळून, पाखडून, खडे काढून धुवावी लागते. ते सगळं बायका करतात. एवढं करून ती घेणार कोण? माझ्या सगळ्या नोकरीत त्या गावांमध्ये नाचणी घेणारं सरकारी केंद्र मला दिसलं नाही. हमीभाव जाहीर होतो, पण माप घेऊन बाजाराला आलेल्या बाईच्या हातात त्यातलं काय येतं हे तिलाच विचारावं.

उसाचं तसं नाही. २०२५-२६ च्या हंगामाला सव्वादहा टक्के साखर उताऱ्यासाठी टनाला ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, केंद्रानं ठरवली आणि ती देणं कायद्यानं बंधनकारक आहे. कारखान्याची तोडणी टोळी फडात येते, पैसे खात्यावर येतात. उशीर होतो, आंदोलनं होतात, तरी दाद मागायला कायदा आहे. मग शेतकरी ऊस लावणार नाही तर काय करणार? माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, आमच्या घरी ऊसच आहे आणि त्या उसावर आम्ही भावंडं शिकलो. त्याच तालुक्यात वर्षानुवर्षं पाणी साचून क्षारपड झालेली रानंही आहेत. वरून मिठासारखी पांढरी आणि खाली चिखल, त्यावर लव्हाळ्याशिवाय काही येत नाही. वडिलांच्या एका तुकड्याचं तसंच झालं. जमिनीत पाईप घालून निचरा करायला आमच्याकडे सहकारानं पुढाकार घेतला आणि रानं परत पिकाला येताहेत, याचा मला अभिमान आहे. पण पीक, पाणी आणि ताट यांचा विचार आधी एकत्र झाला असता तर तिथवर वेळ आली नसती.

२०१९ च्या महापुरात तर हे सगळं उघडंच पडलं. शिरोलीजवळ महामार्ग आठवडाभर पाण्याखाली, शहरात ना भाजी ना पेट्रोल, दुधाचं संकलन थांबलेलं. एवढा दुधाभाताचा जिल्हा आणि आम्ही निवारा केंद्रात लहान पोरांना बाहेरून आलेले बिस्किटांचे पुडे वाटत होतो. देणाऱ्यांचे उपकारच आहेत. पण पूर २००५ ला आला होता, २०२१ ला पुन्हा आला. कुठल्या तालुक्यात किती धान्य साठवायचं, रस्ता तुटला तर कुठून काय आणायचं, ते कोण शिजवणार, याचा आराखडा शांत दिवसांत व्हायला हवा.

आता कोणी म्हणेल, आणखी एक समिती कशाला? प्रश्न योग्य आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार राज्य अन्न आयोग आहे, पण त्याचा सल्ला त्या कायद्याच्या अंमलबजावणीपुरता. काय पिकवावं, पाणी कुठे मुरवावं, यात तो पडू शकत नाही. रेशन दुकानापर्यंत दक्षता समित्याही त्याच कायद्यानं दिल्या आहेत. एका गावात मी अशा समितीचं रजिस्टर पाहिलं आहे. वर्षाच्या सगळ्या बैठकांच्या सह्या एकाच पेनानं, एकाच दिवशी घेतलेल्या. त्यात एका विधवा बाईचा अंगठा होता. तिला आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं. अशी समिती मला नको आहे.

मला हवी आहे ती कशी, हे सांगायला ब्राझीलचं उदाहरण देते. त्या देशात १९९३ मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा परिषद निघाली, दोन वर्षांत मोडली आणि २००३ मध्ये नव्यानं उभी राहिली. पुढे तिच्यात दोन तृतीयांश जागा सरकारबाहेरच्या लोकांना होत्या आणि अध्यक्षही सरकारबाहेरचा असे. या परिषदेनं लावून धरलेल्या गोष्टींतून २००९ चा शालेय आहाराचा कायदा आला. केंद्राकडून शाळांच्या जेवणासाठी येणाऱ्या पैशातला किमान तीस टक्के भाग छोट्या कुटुंब-शेतकऱ्यांच्या मालावर खर्च करायचा, हे त्यात लिहिलं. एका वाक्यात शेताला गिऱ्हाईक मिळालं आणि पोराला ताजं अन्न. २०१९ च्या पहिल्याच दिवशी नव्या सरकारनं ही परिषद काढून टाकली, तेव्हा अनेक शहरांत लोकांनी चौकाचौकांत पंगती बसवल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घातलं आणि निषेध नोंदवला. २०२३ मध्ये परिषद परत आली. ज्या समितीसाठी लोक रस्त्यावर पंगत मांडतात ती सह्यांपुरती असणार नाही.

कॅनडानंही २०१९ मध्ये देशाचं अन्नधोरण ठरवलं आणि २०२१ मध्ये त्यासाठी सल्लागार परिषद नेमली. टोरांटो शहरानं तर आपली परिषद १९९१ लाच केली होती. आपल्याला परक्यांचं बघून करायची गरज आहे असंही नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, दुष्काळी कामावर आलेल्या आयांच्या लेकरांना सांभाळायची सोय केली आणि पुढे दहा-बारा वर्षांत राधानगरीच्या धरणाला हात घातला. धान्य, लेकरू आणि पाणी हे तिन्ही विषय त्यांनी एकाच डोक्यात ठेवले होते. अंगणवाडी योजना देशात आली त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी, १९७५ मध्ये. मी नव्या सेविकांना प्रशिक्षणात हे आवर्जून सांगत असे.

तर परिषदेत कोण असावं? खाती असावीतच, पण सचिवांनी स्वतः बसावं, प्रतिनिधी पाठवू नये. कृषी विद्यापीठातले जाणकार आणि आहारतज्ज्ञ असावेत. ऊसकरी हवा आणि डोंगरातला नाचणीकरी हवा. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन आहे, तो करणारा हवा. कपिलतीर्थ मंडईत टोपली घेऊन बसणारी बाई हवी, ऊसतोड मजुरांपैकी कोणी हवं, कारण त्यांची पोरं सहा महिने कुठल्याच अंगणवाडीच्या पटावर नसतात. शाळेत खिचडी शिजवणारी मदतनीस हवी आणि अंगणवाडी सेविका हवीच. या बायकांना बैठकीच्या दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च मिळाला पाहिजे, नाहीतर त्या पहिल्या बैठकीला येतील आणि दुसऱ्या बैठकीला त्यांची खुर्ची रिकामी दिसेल. सरकारला धान्य किंवा तयार आहार विकणाऱ्या कुठल्याही पुरवठादाराला मात्र यात जागा नको.

बैठकीचं इतिवृत्त मराठीत, पंधरा दिवसांत सर्वांना वाचायला मिळावं. परिषदेनं दिलेल्या प्रत्येक सल्ल्यावर सरकारनं तीन महिन्यांत लेखी उत्तर द्यावं. मान्य नसेल तर का नाही, ते लिहावं. सल्ला ऐकायलाच हवा असा माझा हट्ट नाही, पण उत्तर मिळायलाच हवं. माझ्या त्या सेविकेनं खुलासा लिहून दिला होता. दोन पानी, स्वच्छ अक्षरात, नाचणी किती घेतली, किती पोरांना दिली, कुणी किती वाट्या घेतल्या, सगळं. तो मी वर पाठवला. त्याला उत्तर कधीच आलं नाही. आणि शेरा मी माझ्या हातानं मारला होता, तरी तो मागे घ्यायचं धाडस मलाही झालं नाही. गेल्या वर्षी तिच्या घरी जाऊन मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या बाई, जेवून जावा."

राज्याची परिषद व्हायला वेळ लागेल, कायदा लागेल, हे मी समजते. तोवर मा. जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या अधिकारात कृषी, पुरवठा, शिक्षण, जिल्हा परिषद आणि वर सांगितलेली माणसं यांची एक बैठक बोलवावी. विषय एकच ठेवावा. पुढच्या वर्षी गगनबावडा, शाहूवाडी आणि आजरा या तालुक्यांतल्या शाळांना आणि अंगणवाड्यांना किती नाचणी लागेल, ती त्याच तालुक्यांतल्या कुणाकडून घ्यायची आणि काय भावानं. ही बैठक मे महिन्यात व्हावी. मृगाला तरवा पडतो. त्यानंतर ठरलं तर एक वर्ष वाया जाईल.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी मुख्यसेविका
करवीर, कोल्हापूर