तापाच्या याद्या करणाऱ्या लेकास

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर वैतागून म्हणालास, "डॉक्टर होऊन मी वॉर्डात घरोघर फिरून तापाच्या याद्या करत बसतो." तेव्हा गप्प बसले, आता लिहिते.

1905 साली प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आताच्या हाफकिनमध्ये, काय केलं ते वाच. मुंबईभरातून मेलेले आणि पिंजऱ्यात धरलेले उंदीर तिथे यायचे. प्रत्येकाला चिठ्ठी, कुठल्या घरात सापडला त्याची. मग एकेक फाडून बघायचा आणि प्लेग आहे की नाही ते वहीत टिपायचं. हजारो उंदीर! मला तर नुसतं वाचूनच शिसारी आली. पण त्या वह्यांतूनच क्रम कळला: आधी गटारातले उंदीर मरतात, सुमारे दहा दिवसांनी घरातले काळे, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसं.

प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो का, हे कोडंही असंच सुटलं. प्लेगच्या घरात गिनीपिगांचे दोन पिंजरे शेजारी शेजारी ठेवायचे, एकाला पिसू शिरणार नाही इतकी बारीक जाळी. हवा दोघांना एकच, तरी जाळीतला वाचायचा.

त्याआधी काय चाललं होतं? सरकारी माणसांनी घरात घुसायचं, आजारी माणूस उचलून न्यायचा. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर, आपल्या कस्तुरबावर, चालून गेले. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यात दंगल झाली. लोक आजारी माणसं लपवू लागले, आणि लपवलेला रोगी कुठल्या यादीत येणार? माझ्या मते तुझ्या कामाची खरी मेख इथेच आहे. दार उघडणाऱ्या बाईला दमात घेऊ नकोस. आधी पाणी माग, मग ताप विचार.

आणि एक. तुझ्या फॉर्मात मजल्याचा रकाना आहे का? नसला तर समासात लिही. 1911 साली डॉ. बेंटलींनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल दिला, त्यात त्यांचं बोट विहिरींत वाढणाऱ्या डासाकडे होतं. आता बऱ्याच विहिरी बुजल्या, पण तोच डास गच्चीवरच्या टाक्यांत सुखाने नांदतोय. एकाच इमारतीत मलेरियाचे रोगी निघाले, तर औषधं देऊन परतू नकोस, वर जाऊन टाकीचं झाकण बघून ये. वॉचमन किल्ली नाही म्हणेल. त्याच्याशी गोडीत बोल.

बाबा बरे आहेत. डबा वेळेवर खात जा.

तुझी,
आई